कुंडलिकेपलीकडचा बाजार

जालन्याच्या रेल्वे स्थानकावर उतरलेल्या माणसाला बाजार दिसत नाही. स्थानक जुन्या जालन्यात आहे, तर सराफा, कापड, भांडी, किराणा यांची मोठी पेठ नव्या जालन्यात, आणि दोहोंच्या मध्ये कुंडलिका नदी. उन्हाळ्यात तिच्यात नदी म्हणण्याजोगे पाणी नसते. पण शहराचे दोन भाग तिने आजही अलग ठेवले आहेत. पूल ओलांडल्याशिवाय खरेदी होत नाही आणि खरेदी करून परतणाऱ्यालाही पुन्हा पूल ओलांडावाच लागतो. लोखंडी पुलाची ओळख जालनेकरांना सांगावी लागत नाही.

‘नवा’ हा शब्द येथे फसवा आहे. नव्या जालन्याचे मूळ नाव कादराबाद, आणि तेही काही काल-परवाचे नव्हे. पाणीवेस, मूर्तीवेस ही नावे अजून बोलण्यात आहेत, म्हणजे कधी काळी येथे तटबंदी होती आणि गिऱ्हाईक वेशीतून आत येत असे. पोलीस ठाण्यांची नावे तर इतिहासाचा दाखलाच आहेत. जुन्या जालन्याचे ठाणे ‘कदीम जालना’. कदीम म्हणजे पुरातन. नव्या जालन्याचे ठाणे ‘सदर बाजार’. सदर बाजार हे नाव देशात जेथे जेथे आढळते, तेथे तेथे बहुधा लष्करी छावणी होती असे समजावे. जालन्याची छावणी १८२७ साली वसली. हैदराबाद कंटिन्जंटच्या फौजा तेथे राहत आणि १९०३ साली छावणी उठली. शिपाई गेले, पण त्यांना धान्य, कापड, चामडे, तेल पुरवणारा बाजार मागे राहिला आणि शहराचा झाला.

गावाच्या नावाविषयी एक जुनी आख्यायिका गॅझेटियरमध्ये नोंदली आहे. पूर्वी या स्थानाला जनकपूर म्हणत. पुढे एका धनाढ्य विणकराने, म्हणजे जुलाह्याने, त्याचे नाव बदलले आणि जुलाह्यावरून जालना झाले. खरेखोटे कोणी ठरवू शकणार नाही. पण ज्या शहरात आजही लग्नाच्या बस्त्यासाठी आसपासच्या तालुक्यांतून माणसे येतात, त्या शहराला विणकराचे नाव असावे हे शोभते. पेठेच्या श्रीमंतीची साक्ष इतिहासातही आहे. १६७९ च्या नोव्हेंबर महिन्यात छत्रपती शिवाजी महाराजांच्या फौजेने जालन्यावर स्वारी केली, ती येथे संपत्ती होती म्हणूनच. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण उगाच रूढ झालेली नाही.

या शहराकडे येण्याच्या वाटा प्रत्येक पिढीत बदलल्या, आणि वाट बदलली की बाजाराचे रूपही बदलले. बैलगाड्यांच्या काळात बाजार म्हणजे मुक्काम. सरकीची, धान्याची गाडी सोडायची, बैलांना वैरण टाकायची, अडत्याच्या ओट्यावर झोपायचे आणि दुसऱ्या दिवशी हिशेब करून घरी न्यायचे कापड, गूळ, मीठ घ्यायचे. विकणारा आणि विकत घेणारा एकच शेतकरी असे, एवढेच नव्हे तर अनेकदा पेढीही एकच असे. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद ही मीटर गेज रेल्वे गोदावरीच्या खोऱ्यातून गेली आणि जालन्याला स्थानक मिळाले. मग कापसाच्या गाठी रेल्वेने बाहेर जाऊ लागल्या, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, आणि गुजरात-राजस्थानातून आलेल्या घराण्यांच्या पेढ्यांना बळ आले. या मासिकाच्या वाचकांपैकी काहींच्या पणजोबांचा प्रवास याच गाडीने झाला असेल.

१९४८ नंतर निजामाची राजवट गेली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे एस. टी. ची लाल गाडी खेड्याखेड्यांत पोहोचली. बाजाराच्या दृष्टीने रेल्वेपेक्षाही ही क्रांती मोठी होती. रेल्वेने माल आणला, एस. टी. ने बायका आणल्या. सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळच्या गाडीने परतता येऊ लागले, तेव्हा घरातील स्त्री प्रथमच स्वतः रंग, काठ, पोत पाहून लुगडे निवडू लागली. त्याआधी पुरुष आणील ते नेसायचे. कापडाच्या दुकानात गादीवर बसवून ताग्यामागून तागा उलगडण्याची जी पद्धत आहे, ती खऱ्या अर्थाने बहरली ती या काळात.

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून जालना वेगळा झाला. परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका त्यात आला. जिल्हा मुख्यालय झाल्यामुळे कचेरीच्या कामासाठी येणाऱ्यांची भर पडली. कामाला आलेला माणूस चार वस्तू घेऊनच जातो, हे प्रत्येक दुकानदार जाणतो. आज जिल्ह्यात आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजारांवर होती आणि शहराची सुमारे २ लाख ८५ हजार. म्हणजे शहरातील एका माणसामागे जिल्ह्यात जवळजवळ सहा माणसे शहराबाहेरची. बाजार शहरात असला तरी गिऱ्हाईक मुख्यतः बाहेरचे आहे, हे या आकड्यांतून उघड होते. पेठेच्या पुनर्रचनेचा विचार करताना हाच आकडा पहिल्यांदा मांडायला हवा, आणि तोच सहसा मांडला जात नाही.

२०२३ साली जालना महानगरपालिका झाली. नगर परिषदेची महानगरपालिका झाली की अपेक्षा वाढतात आणि करही. तेव्हापासून मध्यवर्ती पेठ सुधारण्याची चर्चा अधिक जोमाने होते. मामा चौक, सुभाष चौक, सराफा, बडी सडक, महावीर चौक, फुलबाजार, सिंधी बाजार हा सारा भाग एकमेकांत गुंतलेला आहे. एके ठिकाणी हातगाडी अडली की तिचा परिणाम चार गल्ल्यांपलीकडे दिसतो. चर्चेत दोनच उपाय पुन्हा पुन्हा ऐकू येतात: रस्ता रुंद करा आणि पार्किंग द्या. दोन्ही उपाय स्वाभाविक आहेत. पण गिऱ्हाईक बाजारात येते कसे, याचा विचार त्यांपैकी कशातही नाही.

ते कसे येते ते पाहावे. मंठ्याकडून, अंबडकडून, भोकरदनकडून येणारे एस. टी. ने येते, नाहीतर काळी-पिवळी जीपने. जवळच्या खेड्यांतले मोटारसायकलवर येते. पुढे मूल, मागे पत्नी, हँडलला पिशव्या. मोंढ्यात सोयाबीन, तूर, कापूस घेऊन आलेला शेतकरी ट्रॅक्टरने किंवा ‘छोटा हत्ती’ टेम्पोने येतो आणि पट्टी हाती पडल्यावर पेठेत पायी फिरतो. २०१८ पासून बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी सुरू झाली, त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यांतील शेतकरीही येऊ लागले. कोष विकून रोख मिळालेला माणूस रिकाम्या हाताने सहसा परत जात नाही. गुरु गणेश तपोधामाच्या दर्शनाला बाहेरगावाहून येणारी कुटुंबे रेल्वेने येतात आणि जाताना चांदीची भांडी, कापड पाहून जातात. शहरातल्या शहरात ऑटोरिक्षा आहे. मोटारीने येणारे अर्थातच आहेत आणि त्यांची खरेदीही मोठी असते. तरी दुकानात शिरण्याआधीचे शेवटचे दोनशे पावले प्रत्येक जण पायीच चालतो. मर्सिडीजवाल्यालाही त्यातून सुटका नाही.

लग्नाचा बस्ता हे या प्रवासाचे सर्वात ठसठशीत उदाहरण. घरातली वडीलधारी, वधूची आई, मामी, मावशी, दोन्ही पक्षांचे कारभारी, सोबत तीन-चार मुले असे दहा-पंधरा जण एका क्रूझर जीपमध्ये दाटीवाटीने बसून येतात. मार्च ते मे हा त्यांचा हंगाम, म्हणजे ऐन उन्हाचा. जीपवाला त्यांना पेठेच्या तोंडाशी उतरवतो, कारण आत गाडी घालणे त्याला परवडत नाही. मग म्हातारीचा हात धरून, मुलांना सांभाळत, मोटारसायकलींच्या रांगा, उघडी गटारे, रस्त्यावर उतरलेले दुकानांचे सामान यांतून वाट काढीत ही वरात दुकानापर्यंत पोहोचते. दुकानात पोहोचल्यावर मात्र तिचे राज्य. चार-पाच तास सहज जातात. मानपानाच्या साड्या, नवरीचा शालू, नवऱ्याचा पोशाख, आहेराची धोतरे, टोप्या, सारे एकाच ठिकाणी. हजारांचे बिल लाखावर केव्हा गेले ते कळतही नाही. त्यानंतर सराफ्यात मंगळसूत्र, भांड्यांच्या गल्लीत रुखवताची भांडी.

या चार-पाच तासांत त्या दहा-पंधरा माणसांना पाणी लागते, बसायला जागा लागते आणि स्वच्छतागृह लागते. पाणी दुकानदार देतो, चहाही देतो. स्वच्छतागृहाचा प्रश्न आला की सारे गप्प होतात. महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या पेठांत स्त्रियांसाठी स्वच्छतागृह एक तर नाही, आणि असले तर तेथे जाववत नाही. खेड्यातून येणाऱ्या बायका बाजाराच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत, ही गोष्ट घरातील स्त्रियांना विचारली तर कोणत्याही दुकानदाराला समजेल. सहा तास पाणी न प्यालेले गिऱ्हाईक लवकर घरी जाऊ पाहते. ते गेले की त्याच्यासोबत दोन दुकानांची खरेदी जाते. पेठेच्या सुधारणेच्या आराखड्यात दगडी फरसबंदी आणि शोभेचे दिवे यांच्या आधी, स्वच्छ, पाण्याची सोय असलेले, रखवालदार असलेले स्त्रियांचे स्वच्छतागृह प्रत्येक चौकाजवळ असले पाहिजे. तो खर्च व्यापारी संघटनेला उचलावा लागला तरी तोट्याचा नाही.

आता पार्किंग. एका मोटारीला उभे राहण्यास सुमारे अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. दुचाकीला एक मीटर बाय दोन मीटर, म्हणजे दोन चौरस मीटर. एका मोटारीच्या जागेत सहा दुचाकी राहतात, आणि दुचाकीवर बहुधा दोघे असतात. हा झाला जागेचा हिशेब. वेळेचा हिशेब त्याहून महत्त्वाचा. दुकान सकाळी दहाला उघडते आणि रात्री आठला मिटते असे धरले, तर दारासमोरची एक जागा दहा तास उपलब्ध असते. प्रत्येक गिऱ्हाईक अर्धा तास थांबले, तर त्या एका जागेवर दिवसात वीस गिऱ्हाइके होतात. तीच जागा सकाळी दहाला एका गाडीने अडवली आणि रात्री आठला सोडली, तर गिऱ्हाइके शून्य.

ही गाडी कोणाची असते? येथे जरा नाजूक भाग येतो. कोणत्याही जुन्या पेठेत सकाळी दुकाने उघडताना उभे राहावे आणि दारासमोर पहिल्यांदा लागणाऱ्या गाड्या मोजाव्यात. त्या मालकांच्या, त्यांच्या मुलांच्या आणि नोकरांच्या असतात. पूर्वी असे नव्हते. खाली दुकान, वर माडी, मागे वखार अशी घराची रचना होती. शेठजी जिना उतरून गादीवर बसत आणि चातुर्मासात सूर्यास्तापूर्वी जेवायला जिना चढून वर जात. वाहनाचा प्रश्नच नव्हता. पुढे कुटुंबे वाढली, गल्लीतला धूर आणि गोंगाट वाढला, नव्या वसाहतींत बंगले झाले. माड्यांची गोदामे झाली. आता तेच कुटुंब सकाळी दोन-तीन गाड्यांनी येते, संध्याकाळच्या जेवणासाठी घाईने घरी जाते, पुन्हा येते. दुकान तेवढेच, गल्ली तेवढीच. फक्त राहती माणसे बाहेर गेली आणि त्यांच्या बदल्यात गाड्या आत आल्या. रात्री साडेनवानंतर, सारी शटर ओढल्यावर, हाच रस्ता पाहावा. तो चांगला ऐसपैस असतो.

इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात २००६ साली दुकानदारांना विचारण्यात आले की तुमची किती गिऱ्हाइके मोटारीने येतात. त्यांचा अंदाज ४१ टक्के निघाला. गिऱ्हाइकांना विचारले तेव्हा प्रत्यक्ष प्रमाण २२ टक्के भरले. पायी येणाऱ्यांचा अंदाज ४२ टक्के होता. प्रत्यक्षात ते ५५ टक्के होते. दुकानदार खोटे बोलत नव्हते. माणूस स्वतः ज्या मार्गाने येतो, त्याच मार्गाने जग येते असे त्याला वाटते. जालन्यात अशी मोजणी करायला फार खर्च नाही. वाणिज्य महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी एका आठवड्यात, मोंढ्याच्या दिवशी एकदा आणि लग्नसराईत एकदा, दुकानातून बाहेर पडणाऱ्यांना एवढेच विचारायचे: कोठून आलात, कशाने आलात, किती वेळ थांबलात, किती खर्च केलात. त्या चार उत्तरांविना काढलेला आराखडा म्हणजे स्टॉक न मोजता काढलेला ताळेबंद.

इतरांनी काय केले तेही पाहण्याजोगे आहे. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरातील स्ट्रोगेट हा मुख्य बाजाररस्ता नोव्हेंबर १९६२ मध्ये वाहनांना बंद करण्यात आला. तो सुमारे एक किलोमीटर लांबीचा आहे. व्यापाऱ्यांनी तीव्र विरोध केला होता. थंडीच्या देशात कोण रस्त्यावर फिरणार, असे त्यांचे म्हणणे. प्रयोग म्हणून सुरू झालेली ती व्यवस्था १९६४ साली कायम झाली आणि आजही आहे. अर्थात कोपनहेगनला बस, रेल्वे, सायकल यांची जोड होती. ती नसती तर काय झाले असते, हा प्रश्न विचारणे योग्यच आहे.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण दिल्लीचे चांदनी चौक. शाहजहानची कन्या जहानआरा हिने सतराव्या शतकात ही पेठ आखली; मधोमध कालवा वाहत असे. लाल किल्ल्यासमोरील दिगंबर जैन लाल मंदिरापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे सव्वा किलोमीटरचा रस्ता नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला झाला. लोंबणाऱ्या तारा जमिनीखाली गेल्या, लाल दगडाची फरसबंदी झाली, बसायला कट्टे आले आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांना बंदी झाली. चालणाऱ्याला प्रथमच मान वर करून जुन्या हवेल्या पाहता आल्या. परंतु माल आणायचा तो रात्री, गिऱ्हाइकाने जड खरेदी न्यायची ती सायकल-रिक्षाने, आणि गाडी ठेवायची सोय पुरेशी नाही, या तक्रारीही व्यापाऱ्यांनी केल्या. पुढे देखरेख सैल पडली तशा दुचाकी पुन्हा शिरू लागल्या, फरशीवर पुन्हा पथारी लागली. बांधकामाचे पैसे एकदाच लागतात; शिस्तीचे रोज लागतात. अंदाजपत्रकात पहिल्याची तरतूद असते, दुसऱ्याची नसते.

पुण्याने अधिक सावध मार्ग धरला. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याच्या गजबजलेल्या भागात एक दिवस वाहने बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला आणि पुढील वर्षांतही तो होत राहिला. एका दिवसाने पेठ बदलत नाही. पण साड्यांच्या आणि दागिन्यांच्या दुकानांसमोर लहान मूल हात सोडून चालू शकते, हे एक दिवस का होईना लोकांनी पाहिले. जालन्यासारख्या शहराला हा मार्ग मानवेल. धुलिवंदनाच्या दिवशी हत्ती रिसाल्याची मिरवणूक निघते, आषाढी एकादशीला आनंदी स्वामींची पालखी निघते. त्या दिवशी शहर वाहनांशिवाय चालते आणि कोणाचे अडत नाही. दिवाळीआधीचे आठ दिवस संध्याकाळी चार ते नऊ सराफा आणि आसपासच्या गल्ल्या चालणाऱ्यांसाठी राखून पाहाव्यात. फायदा झाला नाही तर नवव्या दिवशी दोरी सोडता येते.

रुंदीकरणाचे तसे नाही. तोडलेले परत बांधता येत नाही. जुन्या पेठेतील दुकानाची पुढची बाजू दहा-बारा फुटांची, खोली मात्र पुष्कळ. रस्त्यासाठी पुढची पाच फूट गेली तर ओटा जातो, गादी जाते, जिना जातो. कधी कधी वरच्या मजल्याचा आधारच जातो. शेजारच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, २०११ च्या सुमारास जुन्या शहरातील रस्ते रुंद करण्याची मोठी मोहीम झाली. तेथे आज उभे राहून पाहिले तर वाढलेल्या रुंदीत काय उभे आहे ते दिसते: दोन्ही कडांना गाड्या. जागा दिली व्यापाऱ्याने, वापरली पार्किंगने, आणि चालणारा होता तेथेच, वाहनांच्या मधे.

मोबदल्याचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा. रस्त्याला जागा सोडणाऱ्या मालकाला रोख रकमेऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, घेता येतो. पण टीडीआर हा कागद आहे; त्याला गिऱ्हाईक असेल तरच त्याचे पैसे होतात. मुंबई-पुण्यात त्याचा बाजार आहे, लहान शहरात तो शोधावा लागतो. शिवाय पेठेतील कित्येक दुकाने पागडीची. मराठवाड्यात पूर्वी १९५४ चा हैदराबाद भाडे नियंत्रण कायदा होता. ३१ मार्च २००० पासून राज्यभर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. तीन पिढ्या दुकान चालवणारा भाडेकरू त्या जागेचा मालक नसतो. जमिनीचा मोबदला पहिल्यांदा मालकाकडे जातो आणि नुकसान मात्र गादीवर बसलेल्याचे होते. बँकेच्या दृष्टीनेही या दुकानांची अवस्था विचित्र आहे. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या पागडीच्या जागेवर तारण कर्ज मिळत नाही. कर्ज मिळते ते मालाच्या साठ्यावर, कॅश क्रेडिटच्या रूपाने. मग पडक्या माडीची दुरुस्ती कोणी करायची? मालकाला भाडे नाममात्र मिळते म्हणून तो करत नाही. भाडेकरूची मालकी नाही म्हणून तोही करत नाही. पुनर्विकास करायचा तर आधी मालक आणि भाडेकरू यांच्यात लेखी करार हवा, नव्या इमारतीत किती चौरस फूट कोणाला, तळमजला कोणाला, बांधकामाच्या काळात पर्यायी दुकान कोठे, हे सारे नमूद केलेला आणि नोंदणी केलेला. घरातील थोरांच्या शब्दावर चाललेले व्यवहार पुढच्या पिढीत न्यायालयात गेल्याची उदाहरणे प्रत्येक पेठेत आहेत.

हातगाडीवाल्यांविषयी व्यापाऱ्यांची तक्रार नेहमीची. ती सर्वस्वी अयोग्य नाही. पण पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ सालचा आहे. त्यानुसार सर्वेक्षण करून, नगर पथविक्रेता समिती नेमून त्यांना जागा आखून द्याव्या लागतात, आणि समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात. त्यांना हुसकावून लावणे हा आता उपायच राहिलेला नाही. शिवाय बांगड्या, केसांच्या पिना, मोसंबी घेण्यासाठी थांबलेली बाई शेजारच्या दुकानातही डोकावते. आणि दुकानाचे सामान तीन फूट पुढे रस्त्यावर मांडणाऱ्याने हातगाडीला अतिक्रमण म्हणावे, यात थोडा विनोद आहेच.

मालाची वाहतूक मात्र तातडीने वेळेत बांधता येईल. ऐन दुपारी टेम्पो गल्लीत उभा राहतो, हमाल गाठी उतरवतात, मागे रांग लागते. सकाळी नऊपूर्वी आणि रात्री नऊनंतर माल उतरवायचा असे ठरले, तर हमालांना उन्हाचा त्रास कमी होईल. मात्र रात्रीच्या कामाची मजुरी वाढवून द्यावी लागेल, हे आधीच मान्य करायला हवे.

पेठेतून पायी चालणाऱ्यांत आणखी एक वर्ग आहे, ज्याला वाहनाचा पर्याय कधीच नसतो. साधू-साध्वी गोचरीसाठी अनवाणी निघतात, नजर जमिनीकडे ठेवून, जीव तुडवला जाऊ नये म्हणून जपून पावले टाकीत. त्यांच्या मागेपुढे हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांपैकी एखादी श्रावकाचीही असते. मे महिन्यात तापलेल्या डांबरावर, उघड्या गटाराच्या कडेने त्यांना चालावे लागते. पदपथ आणि सावलीची झाडे ही पाश्चात्त्य फॅशन आहे असे मानणाऱ्यांनी या वाटचालीकडे एकदा पाहावे. त्यांना जे सोयीचे, तेच बस्त्याला आलेल्या म्हातारीलाही सोयीचे.

दरम्यान वाटा पुन्हा बदलत आहेत. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग पूर्ण झाला. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली. पुढे ती नांदेडपर्यंत वाढली. संभाजीनगर ६० किलोमीटरवर, तेथे वातानुकूलित मॉल आहेत, गाडी ठेवायला तळघर आहे, स्वच्छतागृहे आहेत. चांगल्या रस्त्याने गिऱ्हाईक येते तसे जातेही, आणि जाणारे गिऱ्हाईक बहुधा मोटारवाले असते. त्याला गल्लीत दोन फूट अधिक दिले म्हणून तो मॉल सोडून परत येईल, असे मानणे धाडसाचे आहे. बसने येणाऱ्याला मात्र अजून हीच पेठ जवळची आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. भोकरदन, सिल्लोड, अजिंठा या भागांत प्रथमच आगगाडी जाईल. आज जो प्रवासी काळी-पिवळीत खच्चून बसून येतो, तो उद्या रेल्वेने येईल आणि जुन्या जालन्यातील स्थानकावर उतरेल. तेथून त्याला पूल ओलांडून सराफ्यात यायचे आहे. स्थानक, बसस्थानक, मोंढा आणि सदर बाजार यांना जोडणारी, ठरावीक भाड्याची आणि दर दहा मिनिटांनी सुटणारी मिनी बस महानगरपालिकेने तोपर्यंत सुरू केली, तर पेठेच्या तोंडाशी एक थांबा लागेल. त्या थांब्याला दोन मोटारींची जागा लागेल. ती कोणत्या दुकानांच्या समोरून घ्यायची, हे व्यापारी महासंघाच्या बैठकीतच ठरवावे लागेल.